श्रीविठ्ठलमूर्तीचा बोध

शुक्रवार पेठेतून आषाढीस पंढरीची वाट धरणाऱ्या आमच्या ज्ञातिबांधवांस श्रीविठ्ठलाचे रूप तोंडपाठ आहे; परंतु त्या रूपाचा अर्थ आपण क्वचितच विचारतो.

विष्णूच्या बहुतेक मूर्तींत चक्र व गदा दिसतात. पंढरीच्या मूर्तीचे हात मात्र कटीवर टेकलेले असून डाव्यात शंख व उजव्यात कमळाचा देठ आहे; शस्त्र एकही नाही. मातापित्यांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर देव थांबला, ही कथा सर्वश्रुत आहे. सेवेपुढे देवानेही वाट पाहावी, हा त्या विटेचा अर्थ. भक्ताला भवसागर कमरेइतकाच खोल आहे, असे कटीवरील हात सुचवितात. हा भाव आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकात आला आहे. देवाच्या मस्तकी शिवलिंग आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. तेथे शैव-वैष्णव भेद मावळतो.

विटेवरील समचरणांचा बोध मात्र समाजाने फार उशिरा घेतला. मंगळवेढ्याचे संत चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले. त्यांची समाधीही तेथेच आहे. अस्पृश्य मानलेल्या बांधवांस हे दर्शन मोकळे व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. ते १० मे रोजी सुटले.

ज्ञातीच्या नावाने निघणाऱ्या अंकात हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, आणि तो वाटावयासच हवा. स्वजनांची सेवा ही पुंडलिकाची वीट होय. तिची भिंत होऊ नये, एवढेच आमचे मागणे.