सुईच्या नकाशांचा प्रवास

भरतकामाचा इतिहास सांगताना अभ्यासक वस्त्रांची, धाग्यांची व टाक्यांची चर्चा करतात. परंतु ज्या नमुन्यावर डोळे खिळवून ते टाके मोजले गेले, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चौकटी आखलेला हा नमुना म्हणजे सुईचा नकाशाच होय. अलीकडे तो कागदावर न छापता ई-रीडरच्या पडद्यावर वाचण्याची रीत पडू लागली आहे. रीत नवी असली, तरी तिच्यामागचा प्रश्न जुना आहे : नमुना जपावा कोठे ?

छपाईपूर्वी या प्रश्नाचे उत्तर होते कापड. इंग्लंडमधील स्त्रिया आवडलेली नक्षी एका पट्टीवर टाचून ठेवीत व गरज पडेल तेव्हा तीवरून उतरवून घेत. जेन बॉस्टॉक हिने १५९८ मध्ये भरलेली अशी पट्टी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. साल नोंदलेल्या ब्रिटिश पट्ट्यांमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. आपल्याकडे धारवाड-बेळगाव भागातील कशिदा तर धागे मोजून, केवळ स्मरणाच्या बळावर, आईकडून लेकीकडे आला.

छापील नमुन्यांचे युग सुरू झाले ते जर्मनीत. ऑग्सबर्गच्या शॉन्स्पेर्गर या मुद्रकाने १५२३-२४ च्या सुमारास नमुन्यांची पुस्तिका काढली. तिच्यामागोमाग कोलोन, व्हेनिस व पॅरिस येथेही अशी पुस्तके निघाली. १५८७ मध्ये व्हेनिसच्या फेडेरिको विन्चिओलोने पॅरिसमध्ये आपला संग्रह प्रसिद्ध करून तो फ्रान्सच्या राणीला अर्पण केला. त्यातील जाळीकामाचे नमुने भरलेल्या व रिकाम्या चौकटींचे होते. आपल्या वेदीवस्त्रांच्या काठाला क्रोशाची जी जाळी विणतात, तिच्यातील कित्येक नक्षींमागे हाच हिशेब असतो. दहा वर्षांनी न्युरेम्बर्गच्या योहान सिबमाखरचे पुस्तक आले. त्यातील नमुने १६३१ मध्ये लंडनच्या एका पुस्तकात पुन्हा अवतरले.

मात्र या पुस्तकांच्या फारच थोड्या प्रती आज शिल्लक आहेत. याचे कारण अनास्था नव्हे, उलट अतिवापर होय. पाने सुटी करून रेषांवर सुईने भोके पाडीत आणि त्यांतून कोळशाची पूड झिरपवून आकृती कापडावर उठवीत. टोचलेल्या कागदावरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवणारे आपल्याकडचे कारागीर हेच करतात. असा कागद थोड्याच वापराने फाटतो. म्हणजे जे पुस्तक खरोखर उपयोगी पडले, तेच नष्ट झाले !

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या प्रकाशकांनी चौकटींच्या कागदावर हाताने रंग भरलेले नमुने विकण्यास सुरुवात केली. लोकरीच्या भरतकामाची लाट त्यांनीच युरोपभर पसरवली. एकेक चौकट रंगवणे खर्चाचे होते. पुढे एकाच शाईत छपाई करताना प्रत्येक रंगासाठी फुली, वर्तुळ, त्रिकोण अशा खुणा योजण्यात आल्या. या काटकसरीतूनच आजचा नकाशा घडला : काळ्या खुणा, बारीक चौकटी आणि दर दहा घरांनंतर एक जाड रेघ.

गंमत अशी की, ही जुनी काटकसर ई-रीडरच्या पथ्यावर पडली. त्याच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असून त्यांतील काळे-पांढरे कण विजेच्या भाराने वर-खाली होतात. एकदा उमटलेले पान टिकवण्यास वीज लागत नाही. कागदाप्रमाणेच तो उजेडात स्वच्छ दिसतो. खुणांचा नकाशा त्यावर सुखाने वाचता येतो. बर्लिनचा रंगीत नमुना मात्र काळ्या-करड्या पडद्यावर मुका होतो. शाई, कागद व छपाईचा खर्च वाचतो, आणि पान कितीही वेळा उघडले तरी झिजत नाही.

पण सोयीला मर्यादाही आहेत. सहा इंची पडद्यावर मोठा नकाशा एकदम मावत नाही. तो तुकड्या-तुकड्यांनी पाहावा लागतो, आणि सांध्यावर मोजणी चुकण्याचा संभव असतो. झालेल्या घरावर शिसपेन्सिलीने काट मारण्याची सवयही येथे सोडावी लागते. याहून गंभीर बाब मालकीची आहे. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. त्या आवृत्त्या विकणाऱ्याजवळ त्यांचे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीने क्षमाही मागितली. तथापि विकत घेतलेले पान दुरूनही पुसता येते, हे जगाला कळून चुकले. सोळाव्या शतकातील पान वापरणाऱ्या बाईच्याच हातून फाटत असे. हे पान दुसऱ्याच्या हातून नाहीसे होऊ शकते.

म्हणून ई-रीडर वापरावा, त्याचा संकोच नसावा. पण आवडत्या नमुन्याची एक प्रत आपल्या ताब्यात ठेवावी, आणि शक्य तर त्याचा एक कोपरा दोसुतीवर भरून ठेवावा. शॉन्स्पेर्गरच्या पुस्तिका बहुतेक नामशेष झाल्या. जेन बॉस्टॉकची पट्टी मात्र चार शतके उलटूनही वाचता येते.