तातगुणी इस्टेट (रोरिक इस्टेट)

बंगळुरूच्या दक्षिणेस कनकपुरा रस्त्यालगतचे सुमारे 470 एकरांचे (190 हेक्टर) झाडी व तळ्यांचे क्षेत्र. रशियन चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक (1904–93) व त्यांच्या पत्नी, अभिनेत्री देविकाराणी (1908–94) यांची ही मालमत्ता. 1996 मध्ये खास कायदा करून कर्नाटक सरकारने ती संपादित केली.

देविकाराणी मराठी वाचकाला ओळखीच्या आहेत त्या मालाडच्या बॉम्बे टॉकीजमुळे आणि ‘अछूत कन्या’मुळे (1936). दादासाहेब फाळके पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी. 1945 मध्ये रोरिक यांच्याशी विवाह करून त्यांनी चित्रपटसृष्टी सोडली. काही काळ कुलू खोऱ्यात राहून हे जोडपे बंगळुरूला आले आणि तातगुणीला त्यांनी लिनॅलोची लागवड केली. जमिनीचा काही भाग म्हैसूर सरकारने याच पिकासाठी दिलेला होता.

लिनॅलो हे मूळचे मेक्सिकोतले, पानझडी झाड. आपल्याकडच्या सालई आणि गुग्गुळाच्या कुळातले. पान चुरगळले की बोटांना सुगंध लागतो. मेक्सिकोत याच्या लाकडाचे तेल काढत. भारतात मात्र फळांच्या सालींतून वाफेने ऊर्ध्वपातन करून ते मिळवतात. त्यामुळे तेलासाठी झाड तोडावे लागत नाही. अत्तरे व साबणांत ते वापरले जाते. इस्टेटीवरची झाडी टिकण्यात या पिकाचा वाटा मोठा मानला पाहिजे.

दोघांना अपत्य नव्हते. त्यांच्या अखेरच्या वर्षांतच मालकीचा वाद सुरू झाला. मौल्यवान वृक्षसंपदा, चित्रे व कलावस्तू जपणे आणि कलादालन व संग्रहालय उभारणे, असा संपादनाच्या कायद्याचा उद्देश होता. चित्रांच्या बरोबरीने झाडांनाही कायद्यात जागा मिळाली, हे या प्रकरणाचे खरे वेगळेपण. जमिनीचा मोठा भाग आपण विकत घेतल्याचे सांगणाऱ्या के. टी. प्लांटेशन कंपनीने कायद्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 9 ऑगस्ट 2011 रोजी कायदा वैध ठरवला. संविधानाच्या अनुच्छेद 300 अ खालील मालमत्तेच्या हक्काचा अर्थ लावणारा हा निकाल आजही आधारभूत मानला जातो; कायद्याच्या विद्यार्थ्यांना तातगुणीचे नाव बहुधा त्यातूनच कळते.

निसर्गाच्या दृष्टीने इस्टेटीचे मोल तिच्या जागेत आहे. शेजारी बी. एम. कावल राखीव वन, पलीकडे बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान. तिकडचे हत्ती इकडे येतात. या पट्ट्यात पाणी आणि आडोसा दोन्ही एकत्र मिळण्याच्या जागा झपाट्याने कमी होत आहेत. जानेवारी 2021 मध्ये मेट्रो कनकपुरा रस्त्याने सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत आली आणि शहर आणखी जवळ सरकले. त्यामुळे येथे काय बांधायचे याआधी काय बांधायचे नाही, हे ठरवणे निकडीचे आहे. 2019 मध्ये या जागेवर चित्रनगरी उभारण्याची घोषणा झाली होती. हत्तींचा वावर दाखवून निसर्गप्रेमींनी तिला विरोध केला आणि पुढे चित्रनगरीसाठी हेसरघट्ट्याचे नाव पुढे आले.