ओठांवरच्या फोडांवर गोळी की लाईट थेरपी?

तापानंतर ओठाच्या कडेला उठणारे पाण्याचे फोड ‘अंगातल्या उष्णतेचे’ नसतात. ते एचएसव्ही-१ विषाणूमुळे येतात. हा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि तिथून त्याला गोळीही हाकलत नाही, लाईटही नाही.

व्हॅलासायक्लोविरचा कोर्स एका दिवसाचा. त्याने दुखणं साधारण एक दिवस आधी संपतं. फायदा छोटाच, पण मोठ्या चाचण्यांत दिसलेला. मात्र डॉक्टरांना विचारून गोळी चुणचुण सुरू होताच घ्यावी लागते.

लाईट थेरपीत १०७२ नॅनोमीटरचे अवरक्त किरण वापरतात. निकाल आशादायक, पण अभ्यास लहान. म्हणून उन्हात बसू नका! अतिनील किरणांनी फोड उलट उठतात.

फोड असताना तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नका. त्याला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.