गामा आणि झिबिस्को : दोन कुस्त्यांची हकीगत

लंडन शहराच्या शेफर्ड्स बुश भागांतील क्रीडांगणावर १० सप्टेंबर १९१० रोजीं एक कुस्ती सुरू झाली. ती दोन तास चौतीस मिनिटें चालली आणि अंधार पडूं लागल्यामुळें थांबविण्यांत आली. कोणी चीत झालें नाहीं, कोणी हरलें नाहीं. तरीहि आपल्याकडे ही कुस्ती 'गामानें विलायतेंत झिबिस्कोला आस्मान दाखविलें' अशीच सांगितली जाते. मी अनेक वर्षें मुलांना इतिहास शिकविला. वर्गांत ही कुस्ती मीं दरवर्षीं बरोबरींत सोडवीत असें, आणि दरवर्षीं नवीं मुलें ती पुन्हां गामाला जिंकून देत असत. श्रोतेहो, आज ती एकदां नीट सांगावी असें मनांत आहे. कारण गामा काय होता आणि कशावर जगला, हें त्या न झालेल्या निकालांतूनच मला अधिक कळलें.

गामाचें खरें नांव गुलाम महंमद. त्याचा जन्म १८७८ सालचा, पंजाबांत अमृतसरच्या बाजूचा. बाप अझीझ बक्ष हा मध्य हिंदुस्थानांतील दतिया संस्थानच्या पदरचा मल्ल होता. मुलगा सहा वर्षांचा असतांना बाप वारला आणि आजोळच्या मंडळींनीं पोरक्या पोराला तालमींत वाढविलें. १८८८ सालीं जोधपुरच्या महाराजांनीं बैठकांची एक मोठी चढाओढ लावली. चारशेंहून अधिक मल्ल जमले होते. एकेक जण थकून बाजूला होऊं लागला. शेवटीं जे पंधरा उरले त्यांत एक दहा वर्षांचा मुलगा होता. महाराजांनीं त्याचें वय पाहून त्यालाच विजयी ठरविलें. पुढें दतियाच्या महाराजांनीं त्यास आश्रय दिला.

'पदरचा मल्ल' हा शब्द आपण सहज वापरतों. पण त्याचा अर्थ क्षणभर लक्षांत घ्यावा. पहिलवानाचें अंग हें रोजच्या खर्चाचें काम आहे. दूध, तूप, बदाम, मांस, आणि चोळणारी व जोड करणारी माणसें, हें सारें वर्षानुवर्षें पुरविणें कोणत्याहि साध्या घराला परवडणारें नव्हे. आणि खुराक एक महिना तुटला तर मागच्या वर्षाची मेहनत वायां जाते. म्हणून त्या काळचा मोठा मल्ल हा राजाच्या कोठारावरच वाढे, जसा दरबारी गवई वाढे. गामाच्या खुराकाचे जे आंकडे सांगतात ते मी येथें देत नाहीं. सांगणारा जितका दूरच्या गांवचा तितके शेर अधिक, असा माझा अनुभव आहे. बडोद्याच्या संग्रहालयांत एक शिळा ठेवलेली आहे. १९०२ सालीं गामानें ती उचलली, आणि तिचें वजन बाराशें किलो, असें सांगतात. शिळा खरी आहे. एवढें ओझें मनुष्यदेहानें कसें पेललें, हा प्रश्न मात्र मी विज्ञानाच्या शिक्षकांकडे सोपवितों.

हिंदुस्थानांत गामाला अडविणारा एकच मल्ल निघाला : गुजराणवाल्याचा रहीमबक्ष सुलतानीवाला. तो जवळजवळ सात फूट उंच होता, आणि गामा साडेपांच फुटांहून थोडासाच अधिक. त्यांच्या आरंभींच्या कुस्त्या बरोबरींत सुटल्या. तो हिशेब पुरा होण्यापूर्वींच विलायतेचा योग आला.

१९१० सालीं शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाच्या खर्चानें गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि आणखी कांहीं मल्ल लंडनला गेले. तेथें राजा नव्हता, तिकिट होतें. नाट्यगृहांच्या रंगभूमीवर मल्ल उभे राहत, वर्तमानपत्रांतून आव्हानें सुटत, आणि गर्दी जमेल तितका मल्लाचा भाव चढे. गामाच्या आव्हानाकडे प्रथम कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. मग ऑगस्टांत अमेरिकेचा डॉक्टर रोलर पुढें आला. गामानें त्याला पहिल्या वेळीं दोन मिनिटांच्या आंत आणि दुसऱ्या वेळीं नऊ-दहा मिनिटांत पाडलें. इमामबक्षानेंहि स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला कांहीं मिनिटांतच चीत केलें. आतां पोलंडच्या स्टॅनिस्लाव झिबिस्कोला मागें राहतां येईना. तो वजनानें गामापेक्षां पन्नासएक पौंडांनीं भारी होता.

कुस्तीच्या आरंभींच गामानें त्याला खालीं घेतलें. आणि झिबिस्को खालींच राहिला! हातपाय रोवून, पोट गादीला चिकटवून तो पडून राहिला. गामा वर बसून ओढतो आहे, लोटतो आहे, आणि खालचा धिप्पाड देह उलटत नाहीं. पोटावर पडणें म्हणजे हार नव्हे, हा कायदा आपल्या मातींतहि आहे. त्यामुळें झिबिस्कोनें नियम मोडला असें म्हणतां येणार नाहीं. पण जो लढतच नाहीं त्याच्यावर डाव कोणता टाकावा? डाव हा समोरच्याच्या जोरावर बसतो. त्यानें जोरच केला नाहीं तर उस्तादाची सारी विद्या अडून बसते. तिकिट काढून आलेले लोक ओरडूं लागले. पण पंचाला निकाल देण्याजोगें कांहींच घडलें नाहीं. पुन्हां लढण्यासाठीं पुढचा शनिवार ठरला. १७ सप्टेंबरला गामा मैदानांत हजर झाला, झिबिस्को आलाच नाहीं. जॉन बुल पट्टा आणि अडीचशें पौंड गामाला मिळाले, ते असे.

परत आल्यावर अलाहाबादेस गामानें रहीमबक्षाचा जुना हिशेब चुकता केला. या घराण्याचा एक धागा आपल्या कोल्हापुरांतहि येतो : शाहू महाराजांनीं खासबागेचें मैदान बांधून १९१२ सालीं खुलें केलें, त्या वेळची मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची झाली व इमामबक्ष जिंकला.

झिबिस्कोला आपण पळपुटा म्हणून मोकळे होतों, तें मात्र बरोबर नाहीं. १९२१ सालीं तो अमेरिकेंत जागतिक अजिंक्य ठरला. आणि १९२८ च्या जानेवारींत, पन्नाशीला टेकलेला असतांना, तो पतियाळ्यास आला. गादी नाहीं, गामाची माती; तिकिट नाहीं, महाराज भूपिंदरसिंगांचा दरबार; भोंवतीं हजारों माणसें, आणि त्यांतला एकहि मनुष्य त्याच्या बाजूचा नाहीं. या वेळीं तो उभा राहून लढला. कुस्ती एका मिनिटाच्या आंत आटोपली. लंडनला अडीच तासांत जें जमलें नव्हतें तें झालें, कारण समोरचा मनुष्य लढत होता. अठरा वर्षांनीं तो आपल्या पायांनीं चालत हरावयास आला, ही गोष्ट आमच्या मुलांनीं गामाच्या विजयाइतकीच लक्षांत ठेवावी असें मला नेहमी वाटे.

महाराजांनीं गामाला चांदीची गदा दिली. पण त्यानंतर गामाशीं कोण लढणार? पुढच्या वर्षीं जेसी पीटरसन आला, तोहि दीड-दोन मिनिटांत पडला. अजिंक्य मल्लाला जोड मिळेनाशी झाली कीं त्याची कमाई केवळ धन्याच्या मर्जीवर राहते. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली आणि थोड्याच काळांत संस्थानेंहि गेलीं. गामा लाहोरास राहिला. पतियाळा सीमेच्या अलीकडे. तो सत्तरीचा झाला होता, पुढें दुखणीं जडलीं, आणि कोठार कोणाचेंच उरलें नव्हतें. त्याच्या हालाची बातमी इकडे आली तेव्हां घनश्यामदास बिर्लांनीं त्याला पैसे पाठविले आणि दरमहा कांहीं रक्कम बांधून दिली. २३ मे १९६० रोजीं लाहोरांत तो वारला.

इमामबक्षाचे मुलगे भोलू, अस्लम, अक्रम हेहि मल्लच झाले. पण त्यांना दरबार माहीत नव्हता, ते तिकिटावर लढले. त्यांपैकीं अक्रम १९७६ च्या डिसेंबरांत कराचीस जपानच्या इनोकीसमोर उभा राहिला, आणि हात जायबंदी होऊन हरला.