आयटीआरच्या प्रत्येक रकान्यामागे एक जुना वाद आहे

जुलै आला की संशोधन करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न ठरलेले असतात. फेलोशिपवर टॅक्स लागतो का? घरी धानाची शेती आहे, ती दाखवायची का? ‘असेसमेंट इयर’ कोणतं निवडायचं? सॉफ्टवेअरमध्ये आकडे आधीच भरलेले दिसतात, मग नुसतं ‘सबमिट’ दाबलं तर चालतं का? प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीहून आलेला असो की पुण्यातल्या वसतिगृहातून, शब्द जवळजवळ तेच असतात.

या प्रश्नांची उत्तरं पुढे येतीलच. पण तुम्ही उद्या संशोधनात उतरणार आहात, म्हणून आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हे प्रश्न सॉफ्टवेअरने तयार केलेले नाहीत. सॉफ्टवेअर नवं आहे, रकाने जुने आहेत. कोणत्या तरी वर्षी सरकार आणि कर भरणारे यांच्यात वाद झाला, त्यातून काहीतरी ठरलं आणि जे ठरलं त्याचा रकाना झाला. या सगळ्या वादांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: उत्पन्नाचा पहिला आकडा कोणी सांगायचा?

१८६०: आकडा तुम्ही सांगा

१८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी रिकामी झाली होती. ती भरण्यासाठी इंग्लंडहून जेम्स विल्सन यांना अर्थसदस्य म्हणून पाठवलं गेलं. त्यांनी मांडलेला आयकर २४ जुलै १८६० पासून लागू झाला. आज २४ जुलैला आयकर दिन पाळतात तो यामुळेच. वर्षाला २०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असेल तर कर नव्हता. २०० ते ५०० रुपयांना २ टक्के आणि त्यापुढे ४ टक्के असा दर होता. खुद्द विल्सन ऑगस्ट १८६० मध्येच कलकत्त्यात वारले.

या कराला विरोध सरकारच्या आतूनही झाला. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी जाहीरपणे विरोध केला आणि त्यांना परत बोलावण्यात आलं. लोकांचा राग फक्त पैसे जाण्याचा नव्हता. आपल्या घरात किती येतं ते परक्या माणसाला कागदावर लिहून द्यायचं, हीच गोष्ट लोकांना खटकत होती. १८६५ मध्ये हा कर बंद झाला. १८६९ मध्ये परत आला, १८७३ मध्ये पुन्हा गेला. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर १८७८ मध्ये व्यापारी आणि कारागिरांवर परवाना-कर बसला. म्हणजे पहिली पंचवीस वर्षं हा कर येत-जात राहिला. ‘भारतात १८६० पासून आयकर आहे’ असं वाक्य प्रबंधात लिहायचा मोह झाला तर थांबा. सुरुवात १८६० ची हे खरं, पण तो सलग नव्हता.

घरची शेती: १८८६ चा रकाना

सलग चालू राहिलेला आयकर १८८६ च्या कायद्याने आला. आकारणी आणि वसुलीचं काम जिल्ह्याच्या कलेक्टरकडे गेलं. सरकारी पगारातून कर परस्पर कापला जाऊ लागला. तुमच्या पगारपत्रकावरच्या ‘टीडीएस’चा हा पूर्वज समजा.

याच कायद्याने शेतीचं उत्पन्न करातून बाहेर काढलं. १८६० च्या करात जमिनीचं उत्पन्न धरलेलं होतं. १८८६ मध्ये युक्तिवाद असा झाला की जमिनीवर सारा आणि उपकर आधीच आहेत, मग त्याच उत्पन्नावर पुन्हा कर कशाला?

याचा अर्थ काय झाला ते आपल्या भागात नीट दिसतं. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि इथे मालगुजारी पद्धत होती. आज ज्यांना आपण ‘मामा तलाव’ म्हणतो, ते म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्या व्यवस्थेची खूण आहेत. कायद्याच्या व्याख्येत शेतजमिनीपासून मिळणारा खंड हेही शेतीचंच उत्पन्न होतं. त्यामुळे कुळांकडून मालगुजाराला मिळणारी रक्कम आयकरात येत नव्हती. धान विकत घेऊन पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा मात्र येत होता. मालगुजाराने सावकारीही केली तर त्या व्याजावर कर होता. एकाच वाड्यात, एकाच माणसाच्या दोन उत्पन्नांना दोन कायदे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, पण ही विभागणी तशीच राहिली. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने शेती-उत्पन्नावरचा कर प्रांतांकडे दिला. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतही तो राज्यांकडेच आहे. म्हणून केंद्राचं आयकर सॉफ्टवेअर शेतीवर थेट कर लावत नाही.

मग तो रकाना विचारतो कशाला? त्याचं उत्तर १९७० च्या दशकात आहे. के. एन. राज समितीने १९७२ मध्ये शेतीच्या उत्पन्नाचा विचार केला. त्यानंतर १९७३ च्या वित्त कायद्याने मधला मार्ग काढला. शेतीवर कर नाही, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न जमेस धरायचं.

आता तुमचं उत्तर. दिघोरीतली बांधी वडिलांच्या नावावर असेल आणि शेती तेच करत असतील, तर धानाचे पैसे त्यांचं उत्पन्न आहे, तुमचं नाही. सात-बारावर तुमचा हिस्सा असेल आणि तुमच्या वाट्याला खरंच उत्पन्न येत असेल तर ते दाखवा. ते वर्षाला ५,००० रुपयांच्या वर गेलं की ‘सहज’, म्हणजे आयटीआर-१, तुम्हाला चालत नाही. आणि धान विकून आलेले पैसे मुदत ठेवीत टाकले, तर त्या ठेवीचं व्याज शेतीचं नसतं, त्यावर कर लागू शकतो. मालगुजाराच्या सावकारीचा नियम तुमच्या एफडीलाही लागू आहे, असं म्हणा ना.

दोन वर्षांचा घोळ: १९२२ चा रकाना

‘फायनान्शियल इयर २०२५-२६, असेसमेंट इयर २०२६-२७.’ नव्या माणसाचा गोंधळ हमखास इथे होतो. १९२२ च्या कायद्याने मागच्या वर्षी मिळालेल्या उत्पन्नावर पुढच्या वर्षी आकारणी करायची ही पद्धत पक्की केली. कराचे दर मूळ कायद्यातून काढून दरवर्षीच्या वित्त कायद्यात नेले तेही तेव्हाच. उत्पन्न एका वर्षाचं आणि हिशेब दुसऱ्या वर्षात, म्हणून दोन नावं. १९६१ च्या कायद्याने तीच रीत पुढे चालवली.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. त्यात या दोन नावांच्या जागी एकच ‘टॅक्स इयर’ आहे. पण घाई करू नका. २०२५-२६ मध्ये मिळालेल्या उत्पन्नाचं विवरणपत्र जुन्या कायद्याखालीच जातं, म्हणून तिथे असेसमेंट इयर २०२६-२७ हेच निवडायचं. कायदा बदलला म्हणजे त्याच दिवशी सगळं बदललं असं होत नाही. कालखंड पाडताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे विसरू नये.

फेलोशिप: शब्दावर अडलेला प्रश्न

१९६१ च्या कायद्याचं कलम १०(१६) सांगतं की शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. पीएच.डी.साठी मिळणारी यूजीसीची जेआरएफ, बार्टी, सारथी किंवा महाज्योतीची अधिछात्रवृत्ती साधारणपणे याच कलमाखाली दाखवली जाते. सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्झेम्प्ट इन्कम’च्या यादीत हे कलम सापडतं.

पण पैशाला काय नाव दिलंय यावर सगळं ठरत नाही. पैसे कशासाठी दिलेत ते महत्त्वाचं. एखाद्या प्रकल्पावर तुम्ही ‘प्रोजेक्ट असिस्टंट’ म्हणून काम करत असाल तर तो मोबदला आहे, त्यावर कर लागू शकतो. म्हणून नियुक्तिपत्र वाचा, पुन्हा वाचा आणि जपून ठेवा. काही वेळा संस्था कलम १९४जे खाली १० टक्के कापून घेते. ते उत्पन्न व्यवसायाचं म्हणून दाखवायचं असेल तर ‘सहज’ चालत नाही. आणि कापलेले पैसे परत हवे असतील तर उत्पन्न मर्यादेच्या आत असलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं. ‘मला टॅक्सच नाही, मग कशाला भरू?’ असं म्हणून गप्प बसणाऱ्याचे पैसे सरकारकडेच राहतात. महिन्याच्या पैशांत घरी थोडे पाठवून खोलीचं भाडं भरणाऱ्या मुलाला ही रक्कम छोटी नसते.

आधीच भरलेला आकडा

आता शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. भारतात ई-फायलिंगची सुरुवात २००४ मध्ये मध्यस्थांमार्फत झाली, २००६ मध्ये ते कंपन्यांना सक्तीचं झालं. २००७ मध्ये सोबत कागद न जोडण्याचे आयटीआर फॉर्म आले. २००९ मध्ये बंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राला मंजुरी मिळाली. कित्येक वर्षं लोक ऑनलाइन भरायचे आणि सही केलेला आयटीआर-व्ही पोस्टाने बंगळुरूला पाठवायचे. २०१५ पासून आधारच्या ओटीपीने पडताळणी होऊ लागली. जून २०२१ मध्ये नवं पोर्टल आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘एआयएस’, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. बँकेचं व्याज, लाभांश, कपात झालेला कर, हे सगळं दुसऱ्यांनी कळवलेलं तिथे दिसतं आणि बरंचसं थेट फॉर्ममध्ये उतरतं.

यात एक मोठी उलथापालथ झाली आहे. १८६० मध्ये सरकार म्हणत होतं, आकडा तुम्ही सांगा, आम्ही तपासतो. आज सरकार म्हणतं, आकडा आम्ही सांगतो, तुम्ही तपासा. जबाबदारी मात्र हललेली नाही. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ यावर सही तुमचीच असते. फॉर्म विभागाच्या मोफत युटिलिटीतून भरला, खाजगी ॲपमधून भरला की गावातल्या सेवा केंद्रावर कोणाकडून भरून घेतला, उत्तर द्यायचं तुम्हालाच.

म्हणून ‘सबमिट’च्या आधी एवढं करा. एआयएस आणि २६एएस दोन्ही उतरवून घ्या. वडिलांसोबतच्या जोडखात्याचं व्याज तुमच्या पॅनवर दिसतंय का ते पाहा. चुकीची नोंद असेल तर एआयएसमध्येच हरकत नोंदवण्याची सोय आहे, ती वापरा. एआयएसमध्ये नसलेलं उत्पन्न करमुक्त होत नाही, तेही दाखवायचंच. मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलैची. भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी झाली नाही तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही भरलेलंच नाही. नंतर कलम १४३(१) ची सूचना आली तर घाबरू नका. ती बहुतेक वेळा तुमचा हिशेब आणि यंत्राचा हिशेब शेजारी मांडणारा कागद असतो. दोन्ही रकाने ओळीने वाचा.

संशोधकाच्या कामाचं काय?

संशोधनाच्या पहिल्या वर्षात आपल्याला शिकवतात की साधनाला प्रश्न विचारा. हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, यात काय आलेलं नाही? आधीच भरलेला फॉर्म हेही एक साधनच आहे. बँकेने, संस्थेने, कंपनीने आपापल्या सोयीने कळवलेल्या नोंदी त्यात आहेत. तुमचा शेतातला वाटा, शिकवणीचे रोख मिळालेले पैसे, फेलोशिपचा उद्देश त्यात नाही. ते सांगायला आजही माणूसच लागतो.

जुन्या करदात्यांची विवरणपत्रं गोपनीय असल्यामुळे अभ्यासकाच्या हाती सहसा लागत नाहीत. आयकराचा इतिहास मग प्रशासकीय अहवाल, विधिमंडळातल्या चर्चा, वर्तमानपत्रं आणि न्यायालयीन निकाल यांतून जोडावा लागतो. या सगळ्यांत मालगुजार दिसतो, व्यापारी दिसतो. त्याच्या बांधीत रोवणी करणारी बाई दिसत नाही, कारण तिचं उत्पन्न कुठल्याच रकान्यात बसण्याइतकं नव्हतं. आकड्यांवर काम करणार असाल तर हा अभाव नोंदवून ठेवा.

यंदा फॉर्म उघडलात की एक सराव करून बघा. कोणताही एक रकाना निवडा आणि तो कोणत्या वर्षीच्या कायद्यातून आला ते शोधा. त्या वर्षी कोण भांडत होतं, कोण जिंकलं आणि कोणाला बोलावलंच नव्हतं, ते दोन पानांत लिहा. संशोधन प्रस्तावाची सुरुवात करायला एवढं पुरतं. आणि हो, पडताळणी करायला विसरू नका.