मॅकडोनाल्ड विरुद्ध शिकागो शहर

मॅकडोनाल्ड विरुद्ध शिकागो शहर हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयीचा खटला होय. त्याचा निकाल २८ जून २०१० रोजी लागला.

पार्श्वभूमी

शिकागोने १९८२ मध्ये पिस्तुलांची नवी नोंदणी बंद केली. बिनानोंदणी पिस्तूल बाळगणे गुन्हा असल्याने बहुतेक नागरिकांना ते घरातही ठेवता येत नसे. २००८ मध्ये हेलर खटल्यात न्यायालयाने वॉशिंग्टन डी.सी.मधील अशीच बंदी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीच्या आधारे रद्द केली. मात्र तो जिल्हा संघराज्याच्या अखत्यारीत असल्याने राज्ये व शहरे यांचा प्रश्न अनिर्णित राहिला. घरी वारंवार चोऱ्या झालेले निवृत्त रहिवासी ओटिस मॅकडोनाल्ड व इतरांनी शिकागोच्या बंदीस आव्हान दिले.

निकाल

स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क चौदाव्या दुरुस्तीमुळे राज्ये व स्थानिक संस्थांवरही बंधनकारक आहे, असे न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. मुख्य निकालपत्र न्या. सॅम्युएल अलिटो यांनी लिहिले. गुन्हेगारांना शस्त्रबंदी, तसेच शाळा व सरकारी इमारतींतील निर्बंध यांना या निकालाने बाधा येत नाही, असेही त्यात नमूद आहे. न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स व न्या. स्टीफन ब्रेयर यांनी भिन्न मते नोंदवली. शस्त्रनियंत्रणाचे निर्णय स्थानिक परिस्थिती जाणणाऱ्या लोकप्रतिनिधींकडे असावेत, अशी ब्रेयर यांची भूमिका होती.

परिणाम

शिकागोने बंदी मागे घेऊन नवे नियम केले. त्यांत परवान्यासाठी नेमबाजीचे प्रशिक्षण सक्तीचे होते. शहरात नेमबाजी केंद्रांना मात्र मनाई होती. २०११ मध्ये अपील न्यायालयाने एझेल खटल्यात ही मनाई रोखली. स्थानिक निर्बंध कितपत वैध, हा वाद पुढेही न्यायालयांत सुरू राहिला.