मुंदडा प्रकरण आणि बातमीची अट

आज आर्थिक गैरव्यवहाराची बातमी आली की छापा, आरोपपत्र आणि शिक्षा यांतला फरक अर्ध्या तासात पुसला जातो. निकाल दहा वर्षांनी लागतो, पण 'घोटाळेबाज' हे बिरुद त्याच संध्याकाळी चिकटते. अशा वेळी मला १९५६ चा एक छोटासा कायदा आठवतो.

डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत रामकृष्ण दालमिया यांच्या विमा कंपनीतील गैरव्यवहार मांडला. खासदाराला सभागृहात संरक्षण होते, पण तेच भाषण छापणाऱ्या वर्तमानपत्रावर अब्रुनुकसानीचा खटला होऊ शकत होता. फिरोज गांधींनी खासगी विधेयक आणून ही अडचण दूर केली. मात्र कायद्याने वर्तमानपत्रांना मोकाट सोडले नाही. वृत्तांत मुख्यतः खरा हवा, त्यामागे आकस नको आणि तो लोकहिताचा हवा, या अटी त्यातच होत्या.

पुढच्याच वर्षी त्याचे महत्त्व कळले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर, आपल्या गुंतवणूक समितीला न विचारता घेतले होते. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी सासऱ्यांच्याच सरकारला जाब विचारला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली. गर्दीमुळे बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. साक्षी लोकांसमोर होत असल्याने पत्रकारांना तर्क लढवावे लागले नाहीत. फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

आणीबाणीत इंदिरा गांधींच्या सरकारने पतीचा हा कायदा रद्द केला. १९७७ मध्ये तो परत आला आणि पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याला राज्यघटनेतच जागा मिळाली.

आपण यातले स्वातंत्र्य लक्षात ठेवले, अटी विसरलो. 'सूत्रांच्या माहितीनुसार' एवढ्यावर एखाद्याच्या नावापुढे कोट्यवधींचा आकडा लावला जातो. तो निर्दोष सुटला तर ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. यात निरपराध माणूस भरडला जातोच, पण खऱ्या गुन्हेगाराचाही फायदा होतो. एक आकडा चुकीचा निघाला की सगळी बातमीच खोटी म्हणायला तो मोकळा होतो. फिरोज गांधींना हे ठाऊक होते, म्हणून ते कागद हाती असल्याशिवाय बोलत नसत.